उजवाड म्हणजे उजवो कौल

भिकाजी पायरीवरून पडला तेव्हा त्याच्या बायकोने, सुगंधाने, घरातून पहिला प्रश्न विचारला तो असा:

"बांगडे खंय आसत?"

बांगडे पिशवीत होते. पिशवी कप्तानच्या तोंडात होती. आणि कप्तान, म्हणजे घरचा कुत्रा, एव्हाना विहिरीपलीकडे पोचला होता. तिन्हीसांजेला तो पायरीवरच झोपायचा. त्याचा रंग पायरीचाच. आणि बाहेरच्या दिव्याचं बटण घराच्या आत. म्हणजे आधी अंधारात आत जायचं, बटण दाबायचं, मग उजेडात बाहेर येऊन बघायचं की आपण मघाशी कशावर पाय दिला. घर बांधणाऱ्याचं डोकं, दुसरं काय! घर भिकाजीनेच बांधलं होतं.

"मी जितो आसंय की मेलंय, ता विचारूचा नाय?" भिकाजी ओरडला.

"वराडतास म्हणजे जितेच आसास. बांगडे किती गेले?"

"चार."

"अरे देवा!" आता कुठे सुगंधाच्या आवाजात खरं दुःख आलं.

दीपिका हातात पक्कड घेऊन बाहेर आली. ही त्यांची मुलगी, वय सतरा. शेजारच्या मिक्सरचं पोट उघडून बसली होती. अकरावीला तिने दोन महिने कॉलेज केलं आणि सोडून दिलं. वाडीतले मेलेले पंखे, मिक्सर, इस्त्र्या तिच्याकडे येत आणि जिवंत होऊन परत जात. तिला वायरमन व्हायचं होतं. मालवणला आयटीआयमध्ये जागा मिळत होती. कागद तयार होता. फक्त बापाची सही राहिली होती आणि शुक्रवार शेवटचा दिवस होता. भिकाजी गेले आठ दिवस तो कागद सदऱ्याच्या खिशात घालून फिरत होता. कागद घामाने मऊ झाला, भिकाजी झाला नाही.

"चेडू खांबार चढतला?" तो म्हणायचा. "आणि खाली लोक उभे रवान बघतले?"

"लोकांका उजवाड होयो असात तर बघतले. नाय तर बसतले काळोखात."

सुगंधाला यात कोणी काही विचारलं नव्हतं. तिला त्या घरात एकच प्रश्न विचारत: जेवण झालं का.

तर भिकाजी कंबर चोळत उठला. दीपिकाने संधी साधली.

"बाबानू, सेन्सरचो दिवो लावया दारात. माणूस इलो की आपसून पेटता, गेलो की विझता. बटणाचा कामच नाय."

"लावतलो कोण? वायरमनाक सांगूचा तर तो म्हणतलो उद्या येतंय, आणि येतलो गणपतीक."

"मी लावतंय. तीन दिवस नीट चाललो तर सही करतलास?"

भिकाजीने कमरेवरचा हात काढून खिशावर ठेवला. "करतंय. पण वायच जरी गडबड झाली, तर ह्यो कागद चुलीत."

"चलात."

दीपिकाने चिठ्ठी लिहून दिली. लिहिलं तेच तोंडानेही सांगितलं, कारण बापाला ती ओळखून होती. "दोन जातीचे दिवे येतत. अंगाची ऊब बघून पेटणारो हाडा. त्येका पीआयआर म्हणतत. रडारवालो हाडू नकात. तो बंद दारापलीकडचाय बघता."

"कळला, कळला. दिवो हाडूचो आसा, नवरो नाय."

*

मंगळवारी भिकाजी एसटीने मालवणला गेला. बाजारात भाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. भाईंनी दोन खोके काढून काउंटरवर ठेवले. एक स्वच्छ होता. दुसऱ्यावर एवढी धूळ होती की भाईंनी त्यावर बोटाने पुसून नाव वाचलं.

"हो अंगाची ऊब बघता," भाई म्हणाले. "आणि हो रडार."

भिकाजी ताठ झाला. वीस वर्षं तो ट्रॉलरवर तांडेल होता. बोटीवरचा मुख्य माणूस. ऐन धुक्यात रडारने आपली बोट कशी वाचवली ही गजाल तो सगळ्यांना सांगायचा. दरवर्षी समोरून येणारं जहाज थोडं मोठं होत चाललं होतं.

"रडार? बोटीर असता ता?"

"तसलाच. ल्हान."

"मगे ऊब कित्याक बघूची? माका काय ताप इलो हा?"

"चिठ्येत काय लिवलेला आसा?" भाईंनी विचारलं.

"चिठी चेडवान लिवल्यान. चेडवान रडार बघल्यान हा काय कधी?"

भाईंनी एकदा त्या धुळीकडे बघितलं, एकदा भिकाजीकडे. आठ महिने तो खोका कोणी हातात धरला नव्हता. "तुमी जाणते," ते म्हणाले. "तुमका मी काय सांगू!"

संध्याकाळी दीपिकाने पिशवीत हात घातला आणि तिचं डोकं फिरलं.

"बाबानू! रडार नको म्हणान लिवलेला मां!"

"रडार काय ता तू माका शिकवतलंस?"

"अवो, आपण घरात फिरलव तरी हो भायर पेटतलो!"

"मगे बराच मां. एका दिव्यात दोन कामा."

"आत्ताच्या आत्ता परत करून येवा."

"आता कसो परत करू? एसटीत खोको फोडून पाच जणांका दाखवलंय. कंडक्टरान तर हातात घेवन बघल्यान."

दीपिकाने शिडी अशी आपटली की माडावरचा कावळा उडाला. वर चढून तिने दाराच्या चौकटीवर दिवा बसवला. बसवला मात्र नेटका. वायर सरळ, पट्टीत दाबलेली, एक खिळा वाकडा नाही. राग होता तो बापावर, वायरीवर नाही.

अंधारू लागलं आणि दिवा पेटला. कप्तान पायरीवरून उडाला, मग परत येऊन उजेडात ऐटीत बसला. भिकाजी सात वेळा घरातून बाहेर गेला आणि सात वेळा बाहेरून घरात आला. प्रत्येक वेळी उजेड पडला की "रडार!" म्हणायचा. दुसरं कोणी म्हणत नव्हतं म्हणून.

गडबड सुरू झाली ती सगळे आत आल्यावर. सुगंधाने खिडकीतून बघितलं, तर बाहेर लख्ख उजेड. "कोण इला?" म्हणत ती दाराकडे गेली. कोणी नव्हतं. ती चुलीकडे वळली. थोड्या वेळाने पुन्हा गेली. पुन्हा उजेड, पुन्हा कोणी नाही.

"अवो," ती म्हणाली, "मी बघूक गेलंय की हो पेटता. नाय बघलंय तर विझता."

"नाय बघलंस तर विझलो ता तुका कसा कळला?"

मग भिकाजी स्वतः बघायला गेला. पेटलेला. परत आला. पाच मिनिटं थांबून चोरासारखा दबकत दाराशी गेला. पेटलेला.

"आपण दाराकडे गेलव की त्येका दिसता," दीपिका भिंतीला टेकून म्हणाली. "म्हणान पेटता. मी सांगी होतंय."

"म्हणजे तू उलटो बसवलंस. तोंड भायर करूचा ता आत केलंस."

"त्येका तोंड नाय!"

"तुका आसा ता बस झाला."

*

बुधवारी तिन्हीसांजेला शेजारची काशीबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन कुडणाबाहेरून, म्हणजे कुंपणापलीकडून, चालली होती. काशीबाईची नजर अशी की कोणाच्या कढईत काय आहे ते तिला रस्त्यावरून दिसतं. तिने बघितलं, अंगणात कोणी नाही, पायरीवर कुत्रादेखील नाही, आणि दिवा फटकन पेटला. आत त्या वेळी सुगंधा केर काढत होती, पण ते काशीबाईला दिसणार कसं? बंद दारापलीकडचं रडारला दिसतं, काशीबाईला नाही. एवढीच तिची कमी.

भारा खाली पडला.

"सुगंधा! अगो सुगंधा! तुझ्या दारात कोण नाय आणि दिवो पेटलो! राखणदार गो! राखणदार!"

राखणदार म्हणजे वाडीची शीव राखणारा. तो दिसत नाही. पण तिन्हीसांजेला त्याची फेरी असते आणि त्याच्या वाटेत कोणी आडवं येऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं.

"तुमचा घर त्येच्या वाटेर आसा," काशीबाई धापा टाकत म्हणाली. "माझो सासरो सांगी."

"राखणदार नाय, रडार!" दीपिका आतून ओरडली. "बाबानी चुकीचो दिवो हाडल्यानी!"

भिकाजी दोघींच्या मधोमध उभा होता. त्याच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. एकतर आपण चुकीचा दिवा आणला हे काशीबाईसमोर कबूल करायचं, म्हणजे उद्या सकाळपर्यंत बंदरावर सगळ्यांना कळणार. नाहीतर आपल्या दारात राखणदार उभा आहे हे मान्य करायचं. त्याला विचार करायला फार वेळ लागला नाही.

"माका पयलोच संशय इल्लो," तो गंभीरपणे म्हणाला.

"आणि माझो कागद?" दीपिका बाहेर आली. "दिव्यात बिघाड नाय मां? मगे करा सही."

"राखणदारान दिवो पेटवल्यान, ती गडबड धरूची की नाय, ता उद्या गावकार ठरवतले."

उद्या गुरुवार. परवा शुक्रवार. दीपिकाने पक्कड भिंतीवर फेकली आणि ती नेमकी तिच्याच पायावर पडली.

*

गावकार बाबली गुरुवारी तिन्हीसांजेच्या आधीच हजर झाले. देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. आवाज असा की एका दमात सगळ्या देवांना हाक पोचते. आल्या आल्या त्यांनी अंगणात एक नजर फिरवली. सुगंधाचे कोंबे कोंबडीखान्यात शिरत होते. त्यातला तांबडा जरा मागे रेंगाळला. बाबलींची नजरही त्याच्यावर रेंगाळली.

वाडीतली वीसेक माणसं जमली. बाबलींनी सगळ्यांना दारापासून दहा-पंधरा पावलं लांब, तुळशीपाशी उभं केलं. कप्तानला माडाला बांधलं. दीपिकाला आत पाठवलं, कारण ती दर वाक्याला "रडार" म्हणत होती. सुगंधा आतच होती. दार लावून घेतलं.

"देवळात कौल लावतत तेव्हा पाकळी उजवी पडली की देव व्हय म्हणता," बाबलींनी सगळ्यांना समजावलं. "तो उजवो कौल. हय पाकळी नाय, दिवो आसा. उजवाड पडलो तर उजवो कौल. उजवो आणि उजवाड, फरक कितको?"

"कायच नाय!" काशीबाई म्हणाली. भिकाजीनेही मान डोलावली. इतकं सरळ गणित शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

बाबलींनी हात जोडले. सगळे जागच्या जागी गप्प उभे राहिले. दिवा विझला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या भिकाजीच्या दारात जो कोण येता जाता, दिसता नाय दिसता..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येना आज उजवाड पाडून सगळ्यांका वाट दाखवची!"

"व्हय म्हाराजा!"

"राखणदारा! तू हयच आसस मां?"

दाराआड सुगंधाला नीट ऐकू येत नव्हतं. ती पाट सरकवून दाराजवळ गेली.

लख्ख उजेड!

"व्हय म्हाराजा!" वीस जण एकदम ओरडले. भिकाजीने डोळे मिटून घेतले. उजेड विझेपर्यंत कोणी श्वास घेतला नाही.

"तुका काय मान होयो आसा?"

उजेड नाही.

"कोंबो होयो?"

"कोंबो?" आत सुगंधा ताडकन उठली.

लख्ख उजेड!

"व्हय म्हाराजा!"

बाबलींनी उजेड विझू दिला. घाई नव्हती. "तांबडो?"

"तांबड्याक हात लावन बघूनच देत!" सुगंधाने आत पदर खोचला.

लख्ख उजेड!

"दोन?"

सुगंधाने केरसुणी उचलली. उजेड असा पडला की तुळशीची सावली थेट विहिरीपर्यंत गेली.

दीपिका माजघराच्या दारात फुरंगटून बसली होती. तिने आईकडे बघितलं, मग दाराच्या फटीतून आलेल्या उजेडाकडे. आई उठली, उजेड. आई बसली, थोड्या वेळाने काळोख. ती रांगत पुढे आली आणि आईचा हात धरला.

"आये, हालू नको! तू हाललंस की दिवो पेटता. तूच कोंबे वाटत बसलं हस!"

"मी?"

"तूच! तूच राखणदार!"

सुगंधाने केरसुणी हळूच खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या म्हणण्याला वीस माणसं व्हय म्हाराजा म्हणत होती, आणि तिला ते आत्ता कळत होतं.

"तीन कोंबे?" बाहेरून बाबलींचा आवाज आला. आता त्यात जरा गोडवा होता.

दोघी दगड झाल्या. एक डास आला आणि सुगंधाच्या नाकावर बसला. तिने डोळे मोठे केले. डास जागा बदलून बरोबर शेंड्यावर बसला. दीपिकाने त्याच्याकडे असं बघितलं की तो नुसत्या नजरेने मेला पाहिजे होता. मेला नाही. चावला. सुगंधा हलली नाही. तांबड्यासाठी तिने ते सोसलं.

काळोख.

"तीन नाय म्हणता," काशीबाई म्हणाली. "दोनच."

"आयकलंय मी," बाबली चिडून म्हणाले. मग गावकाराला शोभेल असा आवाज काढला. "पण राखणदार रागावलो कित्याक, ता विचारूक व्हया. भिकाजी, दिवो कोणी लावल्यान?"

"माझ्या चेडवान."

"शिडयेर चढान?"

"चढल्याशिवाय कसो लागात!"

"हां! दाराची चौकट म्हणजे राखणदाराची जागा. त्येच्या वर चेडवान पाय ठेवल्यान." बाबलींनी हात जोडले. "राखणदारा! चेडू शिडयेर चढला म्हणान तू रागावलस काय?"

आता यावेळी दीपिकाने गप्प बसायला हवं होतं. तिलाच सगळं माहीत होतं. तिनेच आईला सांगितलं होतं, हालू नको. पण "चेडू" आणि "शिडी" हे दोन शब्द एका वाक्यात आले आणि तिच्या डोक्यातला फ्यूज उडाला.

"ह्येंच्या आवशीक..." म्हणत ती उडी मारून उठली.

लख्ख, पांढराफेक उजेड!

"व्हय म्हाराजा!"

वाडी दणाणली. दीपिका हात वर केलेल्या अवस्थेत तशीच उभी राहिली. स्वतःच्याच रागाने तिने स्वतःविरुद्ध साक्ष दिली होती.

"झाला मगे," बाहेर भिकाजी म्हणाला आणि त्याने खिशातून कागद काढला. "चुलीत कित्याक, हयच फाडतंय."

दीपिकाने दार उघडलं आणि ती अंगणात धावली. मागे सुगंधाने दार ओढून घेतलं.

"थांबा! बाबानू, थांबा! हो राखणदार नाय! दारापलीकडे माणूस हालला की हो दिवो पेटता. आता मी हाललंय म्हणान पेटलो! खोटा वाटता? दाखवतंय तुमका. सगळ्यांनी उगी रवा."

सगळे उगी राहिले. दीपिका तुळशीपाशी बापाशेजारी उभी राहिली. तीस सेकंदांनी दिवा विझला.

"आये!" तिने हाक मारली. "हाल!"

काळोख.

"आये! हाल वायच! उठान उभी रव!"

काळोख. दार मुकं.

"आये, तुझ्या पाया पडतंय, हाल गो!"

विहिरीकडे एक बेडूक ओरडला. तेवढाच. मग काशीबाई फिसकन हसली, आणि मग सगळेच हसले. बाबलीही हसले. एक म्हातारा आपल्या नातवाला म्हणाला, "बघ, शाळा सोडली की असा होता."

दीपिकाचे कान तापले. आई आत आहे. आईला ऐकू येतंय. आणि आई मुद्दाम हलत नाही! एवढा राग तिला बापाचाही कधी आला नव्हता.

भिकाजीने कागदाची दोन टोकं दोन हातांत धरली.

"थांब," बाबलींनी हात वर केला. ते लबाड असतील, पण रीत सोडणारे नव्हते. "आधी विचार. दोनय बाजूंनी विचारूक व्हया. एका बाजून घेतलेलो कौल कौल नाय."

भिकाजी दाराकडे वळला. त्याने गळा साफ केला. "राखणदारा, चेडवाचो आयटीआयचो कागद फाडू?"

काळोख. एक, दोन, तीन... कोणीतरी वीसपर्यंत मोजलं. गडद काळोख.

भिकाजीने कागद खाली केला. "मगे... सही करू?"

लख्ख उजेड!

कोणी व्हय म्हाराजा म्हटलं नाही. सगळ्यांनी आधी दीपिकाकडे बघितलं. ती तिथेच, तुळशीपाशी, वीस माणसांच्या मध्ये उभी होती. हलली तर नव्हतीच, तोंडही उघडं ते उघडंच.

"नक्की?" भिकाजीने विचारलं.

दिवा विझायचं नावच घेईना. घरातून धप धप असा आवाज येऊ लागला, कोणी मोठ्या आनंदाने भात कांडावा तसा.

"आत काय वाजता?" काशीबाईने कान टवकारले.

दीपिकानेच उत्तर दिलं. "उंदीर," ती म्हणाली. "मोठो आसा एक."

"व्हय म्हाराजा!" बाबली म्हणाले. मग सगळेच म्हणाले. भिकाजीने पेन मागितलं. तुळशीच्या कठड्यावर कागद ठेवून, त्या दिव्याच्या उजेडात, त्याने सही केली. एकदा केली आणि राखणदार बघतोय म्हणून खाली आणखी एकदा केली.

बाबलींनी पेनाला टोपण लागेपर्यंत धीर धरला. "बरा झाला. आता ते दोन कोंबे."

दिवा हळूच विझला. धपधप थांबली.

"राखणदारा, कोंबे आजच देवचे मां?"

काळोख.

"उद्या?"

काळोख.

"अरे, मघाशी व्हय म्हटलस!" बाबलींचा आवाज कापला. "मगे एक तरी?"

असा काळोख की मिणमिणता काजवाही लाजून गेला.

"मन बदलला असात त्येचा," काशीबाई म्हणाली. "बंदराजवळचो राखणदार तो. त्येका मासे आवडतले. बांगडे विचारा."

"बांगडे होये?" बाबलींनी मरगळून विचारलं.

बांगडे हा शब्द कप्तानला चांगला कळतो. त्याने मान दोरीतून सोडवली, शेपूट हलवत अंगण ओलांडलं आणि तो थेट पायरीवर जाऊन बसला.

लख्ख उजेड!

"व्हय म्हाराजा!"

किती बांगडे, हे विचारायची गरजच पडली नाही. भिकाजीनेच सांगितलं, चार.

*

माणसं गेल्यावर दीपिका चुलीपाशी आली. सुगंधा तव्यावर भाकरी टाकत होती. नाकाचा शेंडा लालबुंद होता.

"आये, मी इतक्या बोलवलंय, तेव्हा कित्याक नाय हाललंस?"

"तेव्हाच हाललंय, तर मगे राखणदाराचा कोण आयकतलो गो?" सुगंधाने भाकरी उलटली. "माका कोण कधी विचारी नाय. राखणदाराक विचारतत. मगे म्हटलंय, बघया राखणदार होवन."

तेवढ्यात भिकाजी आत आला. त्याने एकदा सुगंधाच्या नाकाकडे बघितलं, एकदा दाराजवळ सरकलेल्या पाटाकडे, मग जमिनीवर उमटलेल्या तिच्या पावलांकडे. वीस वर्षं तांडेल होता तो. पाण्याखालचे खडक त्याला वरून कळायचे.

"रडार बरा आसा," तो एवढंच म्हणाला. "चेडवाक सांग, काढू नको म्हणान."

आयटीआयच्या दुसऱ्याच आठवड्यात वर्गात सेन्सरचा धडा आला. सरांनी दोन दिवे टेबलावर ठेवले. एक ऊब बघणारा, एक रडारचा.

"घराच्या पुढच्या दारासाठी यातला कुठला निवडाल?" सरांनी विचारलं. "पाटील, शिरोडकर, कोणी सांगेल? हं, तुम्ही. मागच्या बाकावरच्या."

दीपिका उभी राहिली. बरोबर उत्तर तिला इथे येण्याआधीपासून ठाऊक होतं. चिठ्ठीत लिहूनही दिलं होतं तिने.

"ते घरात आई आहे की नाही त्यावर आहे, सर," ती म्हणाली. "आई असेल तर रडार."